बांधाआडचे घर

समुद्राकाठी, गजबजाटापासून लांब, पाण्यासाठी आणि विजेसाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये असे घर बांधण्याची इच्छा आता धनिकांपुरती उरलेली नाही. निवृत्तीचे पैसे हाती आलेला शिक्षक, बंदरात नोकरी करणारा तरुण, संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळालेले कुटुंब, सगळेच हा हिशोब मांडून पाहतात. छपरावर सौर पॅनल, अंगणाखाली पावसाच्या पाण्याची टाकी, परसात भाजीचे वाफे, मागे सेप्टिक टँक. हिशोब बरोबर असतो, पण तो कुंपणाच्या भिंतीपाशी संपतो. उरण-पनवेलच्या खाडीपट्ट्यात घर कितपत स्वयंपूर्ण होणार, हे मात्र त्या भिंतीच्या बाहेरच ठरते, असे माझे म्हणणे आहे. भरतीचे पाणी कुठे अडवले जाते, पावसाचे पाणी कुठे साठते आणि ही व्यवस्था सांभाळतो कोण, या तीन गोष्टींवर घराचे आयुष्य उभे असते. याचा पुरावा शोधायला दूर जाण्याची गरज नाही. पनवेलच्या पश्चिमेला, उरण तालुक्यातला द्रोणागिरी हा नवी मुंबईचा नोड, म्हणजे नियोजित वसाहत, त्यासाठी पुरेसा आहे.

करंजाच्या द्रोणागिरी डोंगराचे नाव घेतलेला हा नोड डोंगरावर नाही. बोकडवीरा, फुंडे, नवघर, भेंडखळ, पाणजे, डोंगरी या गावांच्या खारजमिनी, मिठागरे आणि खाड्यांवर तो आखला गेला. मुंबई बंदराच्या परिसरात उधाणाच्या दिवसांत भरती पाच मीटरच्या जवळ जाते आणि इथली कित्येक शेते त्या पातळीच्या खाली होती. तरीही माणसे तिथे पिढ्यान् पिढ्या राहिली, भात पिकवत आली, मीठ काढत आली, जिताडे धरत आली. हे जमले बांधामुळे. खाडीच्या बाजूने चिकणमातीचा रुंद बांध, त्याला लाटांच्या अंगाने दगडांची पिचिंग आणि मध्ये ठरावीक ठिकाणी उघाडी. उघाडी म्हणजे बांधातले दगडी मोरीवजा दार, ज्याची लाकडी झडप खाडीच्या बाजूला उघडते. भरती आली की पाण्याचा रेटाच झडप दाबून बंद करतो, ओहोटी लागली की आत साठलेले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. माणसाचा हात लागत नाही, इंधन लागत नाही. पण झडपेत काटकी अडकली, लाकूड कुजले किंवा खेकड्यांनी बांध पोखरला की उधाणात खांड पडते, आणि एकदा खारे पाणी आत शिरले की ते शेत पुन्हा नीट पिकायला दोन-तीन पावसाळे जावे लागतात. म्हणून खांड बांधायला गाव धावत असे. ज्याचे शेत खांडीपासून लांब तोही येई, कारण पाणी सातबारा पाहून शिरत नाही.

इथली शेतीही या व्यवस्थेला धरून घडली होती. पावसाच्या पहिल्या सरींनी मातीतला खार धुऊन निघायचा, तो उघाडीतून बाहेर जायचा, आणि मग मोड आलेले भात फेकून रहू पद्धतीने पेरणी व्हायची. खार सोसणाऱ्या राता भाताच्या वाणांवर पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काम केले. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या या केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही वाणे दिली. इथल्या कुटुंबाचे तांदूळ, मासे आणि मीठ हाकेच्या अंतरावर होते, आणि उंच जोत्याचे, कौलारू घर त्या सगळ्याच्या मध्ये बसलेले होते. त्या घराला आज आपण स्वयंपूर्ण म्हणू, पण त्याची खरी भिंत बांध होती आणि ती गावाच्या मालकीची होती.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ते जीवन सुखाचे नव्हते. एक पीक, सावकाराचे कर्ज, उन्हाळ्यात बायकांच्या डोक्यावरचे हंडे, हे सगळे त्या घराच्या हिशोबात होते. याच तालुक्यातल्या चिरनेरच्या माणसांनी २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळ्या झेलल्या, त्या काही भरल्या पोटी नव्हे. तेव्हा जुने घर परत आणा असे कोणी म्हणत असेल तर त्याला माझा पाठिंबा नाही. त्यातली गरिबी टाकून द्यावी आणि यंत्रणा मात्र ठेवावी, एवढेच मी म्हणतो. आपण नेमके उलट केले.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घ्यायच्या ठरल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले, आणि त्या लढ्यातून विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा देण्याचे तत्त्व पुढे आले. द्रोणागिरीतले कितीतरी भूखंड या योजनेतलेच आहेत. न्याय म्हणून ही योजना मोठी होती आणि ती रक्त सांडून मिळवलेली होती, हे विसरता कामा नये. पण जमीन परत आली ती तुकड्यांनी, चौरस मीटरमध्ये. बांध, उघाडी, तलाव आणि त्यांची राखण हे कोणाच्याच वाट्याला आले नाही, कारण ते सातबाऱ्यावर नव्हते. खारभूमीचे काम तर १९४८ च्या आणि पुढे १९७९ च्या कायद्यांनी आधीच बरेचसे सरकारी खात्याकडे गेले होते, आणि गावाची सवय मोडली होती.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की सिडकोच्या अभियंत्यांनी हॉलंडच्या धर्तीवर म्हणून जी पद्धत आणली ती उघाडीचीच होती. वस्तीच्या कडेला धारण तलाव खणायचे, भरतीच्या वेळी झडपा बंद, पावसाचे पाणी तलावात थांबेल, ओहोटीला झडपा उघडून पाणी खाडीत जाईल. तत्त्व तेच, आकार मोठा. फरक पडला देखभालीत. धारण तलावात दर भरतीला गाळ येतो, गाळावर खारफुटी रुजते, तलावाची धारणक्षमता घटते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून आणि अंतिमतः २०१८ च्या निकालाने खारफुटीला संरक्षण दिले, जे योग्यच झाले. परिणामी गाळ काढायला आता न्यायालयाची परवानगी लागते. गाळ दरवर्षी निघाला असता तर खारफुटी तिथे रुजलीच नसती. दरम्यान नवे भूखंड भराव टाकून उंच होत गेले आणि जुनी गावठाणे खोलगट भागात राहिली. तिथल्या घरांत पावसाळ्यात पाणी शिरते, त्याचे कारण आभाळात शोधण्याची गरज नाही. आपल्या भूखंडावर दोन फूट जास्त भराव घालणारा मालक सुरक्षित झाला असे त्याला वाटते. त्याने फक्त आपले पाणी शेजारच्या गावात लोटलेले असते.

आता कुंपणाच्या आत येऊ, कारण दुसरा आक्षेप तिथला आहे: जुन्या काळी गावावर अवलंबून राहावे लागे, आज तंत्रज्ञान आहे, मग एकट्याने का जमू नये? पाण्यापासून पाहू. या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. साठ चौरस मीटर छपरावर एक लाख वीस हजार लिटर पाणी येते. उडून जाणारे आणि पहिल्या सरींचे सोडून द्यायचे पाणी वजा केले तरी पंचाण्णव हजार लिटर हाती राहावे. पाऊस चार महिन्यांत संपतो, म्हणून कोरड्या अडीचशे दिवसांचा साठा हवा. पाच माणसांना पिण्या-रांधण्यासाठी रोज प्रत्येकी दहा लिटर धरले तर साडेबारा हजार लिटर पुरतात. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, सव्वातीन मीटर खोल टाकी, कोणत्याही भूखंडावर बसणारी. पण सगळ्याच गरजांसाठी, ग्रामीण नळयोजनांच्या माणशी ५५ लिटरच्या मापाने मोजले, तर जवळजवळ ६९ हजार लिटर लागतात. अडीच मीटर खोलीची अशी टाकी साडेसत्तावीस चौरस मीटर जागा खाते. शंभर चौरस मीटरच्या भूखंडात हा चौथा हिस्सा झाला.

त्याहून मोठी अडचण जमिनीखाली आहे. जूनमध्ये टाकी तळाला गेलेली असते आणि त्याच वेळी भरावातली पाणपातळी वर चढते. रिकामी टाकी मग होडीसारखी वर उचलली जाते. पाणी काठापर्यंत चढले तर ६९ टनांचा रेटा वरच्या दिशेने येतो. तो पेलायला तळाचा स्लॅब जाड करावा लागतो किंवा टाकी जमिनीच्या वर घ्यावी लागते. सेप्टिक टँकचेही तसेच. त्यातून बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात मुरवायचे असते, पण इथली खारी चिकणमाती पाणी मुरू देत नाही आणि पावसाळ्यात खड्डाच भरलेला असतो. तेव्हा पिण्याचे पाणी एकट्याने साधते. वापराचे पाणी आणि सांडपाणी मात्र गल्लीने, सेक्टरने मिळून करायचे काम आहे. उरण शहरातले विमला आणि भवरा हे तलाव, गावोगावची तळी आणि विहिरी याच अनुभवातून आल्या होत्या. आज या पट्ट्याची भिस्त रानसई आणि हेटवणे धरणांवर आहे, आणि नळाच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्याला उन्हाळ्यातली पाणीकपात सर्वांत आधी कळते.

बांधकामाचा शेवटचा हात, ज्याला आपण फिनिशिंग म्हणतो, तिथे मालक लाद्या आणि रंग निवडण्यात वेळ घालवतो. खाऱ्या हवेत घराचा निकाल त्याआधीच, सळईवर किती काँक्रीट आहे यावर लागलेला असतो. भारतीय मानक ४५६ (२०००) किनारी हवेला तीव्र वर्गात धरते आणि सळईवर किमान ४५ मिलीमीटर आवरण, एम-३० दर्जाचे काँक्रीट आणि पाणी-सिमेंटचे प्रमाण ०.४५ च्या आत मागते. सौम्य हवेसाठी हेच आवरण २० मिलीमीटर पुरते. प्रत्यक्षात साइटवर कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा सरकवला जातो, कॉलम भरताना सळई एका अंगाला कलते, आणि ४५ चे २० कधी होतात ते कळतही नाही. मीठ काँक्रीटमध्ये हळूहळू झिरपते आणि त्याला लागणारा वेळ ढोबळमानाने जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणजे आवरण सव्वादोन पट केले तर सळईपर्यंत मीठ पोचायला सुमारे पाचपट वेळ लागतो. पंचवीस मिलीमीटर काँक्रीटची ही किंमत आहे. गंजलेली सळई फुगते, काँक्रीट फोडते, मग गिलावा पडतो आणि दोष रंगवाल्याला दिला जातो. स्लॅबवर पाणी मारायला बोअरवेलचे मचूळ पाणी वापरणे हा त्याच जातीचा अपराध. लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलीग्रॅमहून जास्त क्लोराइड चालत नाही, आणि समुद्राच्या पाण्यात ते १९ हजारांच्या घरात असते. भरतीच्या दिवशी बोअरचे पाणी तपासून घ्यायला फारसा खर्च येत नाही. जुन्या घरात लोखंड जवळजवळ नव्हतेच, काळा दगड, चुना, सागवान आणि कौले होती. आज तसे बांधणे बहुतेकांना परवडणार नाही, म्हणून निदान लोखंड नीट झाकावे.

विजेच्या बाबतीत एकट्या घराची बाजू खूपच बळकट आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तीन किलोवॉटचे पॅनल उघडिपीच्या दिवसांत रोज बारा युनिटच्या आसपास वीज देतात, आणि फेब्रुवारी २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत त्यावर ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे. घारापुरी बेट याच उरण तालुक्यात. तिथल्या तीन गावांना समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर चाले. इतक्या वर्षांत छपरावरची वीज तिथे आधी पोचायला हवी होती, असे कोणालाही वाटेल. पण घरोघरी बसणाऱ्या बहुतेक सौर यंत्रणा वीज कंपनीच्या तारेला जोडलेल्या असतात, आणि तारेतली वीज गेली की सुरक्षेसाठी त्यांचा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्याकडच्या अनेक गावांत वीज यायला काही आठवडे लागले. अशा दिवसांत बॅटरी नसलेले पॅनल उन्हात नुसते चमकत राहतात. कागदावरच्या आणि संकटातल्या स्वयंपूर्णतेत हा फरक आहे, आणि अनुदानाच्या अर्जावर तो दिसत नाही.

आता द्रोणागिरीला दुर्गम कोण म्हणेल, असा तिसरा प्रश्न येईल. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल एकाच दिवशी सुरू झाली, शेजारी न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ पासून आहे. माणसाच्या येण्याजाण्यापुरते अंतर संपले, हे खरे. पण पुलावरून पाणी येत नाही आणि लोकलने सांडपाणी जात नाही. रस्ता आल्यावर भरावाला वेग येतो, भरावाने पाणी पसरण्याची जागा घटते. पाणजेच्या पाणथळीवर फ्लेमिंगो उतरतात म्हणून तिच्यासाठी भांडणाऱ्यांना घरमालक शत्रू समजतात. ती पाणथळ उधाणाचे पाणी आपल्या अंगावर घेते आणि नोडमधल्या घरांचे जोते कोरडे ठेवते. पक्ष्यांसाठी नको वाटत असेल तर स्वतःच्या दिवाणखान्यासाठी ती राखावी.

शेवटचा आक्षेप सर्वांत अवघड. शंभर चौरस मीटरचा भूखंडधारक बांध बांधू शकत नाही, तलाव खणू शकत नाही, मग त्याला हे सांगून काय उपयोग? एकटा नाही बांधू शकत, पण खार राखणारा शेतकरीही एकटा नव्हता. सेक्टरमधल्या इमारती लिफ्ट आणि रखवालदारासाठी वर्गणी काढतात. त्याच वर्गणीतून मे महिन्यात आपल्या गटारांची तोंडे आणि भरतीच्या झडपा पाहायला माणूस नेमता येतो. भरावाची पातळी शेजारच्या गावठाणाशी जुळवून ठरवण्याचा आग्रह धरता येतो, आणि त्यासाठी गावकऱ्यांना बैठकीला बोलावता येते. झडप कधी अडते आणि पाणी कुठून शिरते हे सांगणारी वयस्कर माणसे फुंडे-पाणजे भागात अजून आहेत. घर बांधायला निघालेल्याने वास्तुशिल्पकाराकडे जाण्याआधी आपले पाणी कोणत्या धारण तलावाकडे जाते आणि त्यातला गाळ शेवटचा कधी निघाला, हे लेखी विचारावे. उत्तर आले नाही तर शेजारच्या भूखंडधारकांच्या सह्या घेऊन सिडकोकडे मागणी द्यावी, आणि ती दिवाळी आटोपताच द्यावी. न्यायालयाची परवानगी, निविदा आणि प्रत्यक्ष गाळ काढणे हे सगळे मृग लागण्याच्या आत उरकायचे असते.