पोटदुखी शाळेच्याच दिवशी का?

आजीआजोबांनो, नातवाचे पोट शाळेच्या सकाळी दुखत असेल आणि सुट्टीत थांबत असेल, तर ओव्याबरोबर त्याची विचारपूसही करा. ही वेदना ढोंग नसते. भीतीने आतड्यांची हालचाल खरोखरच बदलते. हरवणारी कंपासपेटी, न खाल्लेला डबा, बसची धास्ती या खुणा वर्गातील छळाच्या असू शकतात. ‘तूही दोन ठेवून द्यायच्या होत्यास’ असे म्हणू नका. मूल अधिकच गप्प होते. शांतपणे ऐका, ‘चूक तुझी नाही’ हे सांगा. घटना तारखेसह लिहून ठेवा आणि त्याच्या आईवडिलांना वर्गशिक्षकांकडे पाठवा. १०९८ ही बालकांसाठीची मोफत हेल्पलाइन अहोरात्र उपलब्ध असते. मात्र ताप, घटते वजन किंवा झोपेतून उठवणारी वेदना असल्यास प्रथम डॉक्टरांना दाखवा.