ऑपरेशनआधी फंक्शनल एमआरआय कशासाठी?
मेंदूतील गाठीच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी फंक्शनल एमआरआय सांगितला, तर घाबरू नका. साध्या एमआरआयमध्ये गाठ कुठे आहे ते दिसते. बोलणे किंवा हाताची हालचाल सांभाळणारा भाग गाठीच्या किती जवळ आहे, ते या तपासणीत कळते.

मशीनमध्ये तुम्हाला बोटे हलवायला किंवा मनात शब्द आठवायला सांगतात. त्या वेळी काम करणाऱ्या भागाकडे ऑक्सिजनयुक्त रक्त जास्त जाते. हा बदल मशीन टिपते आणि सर्जनला तो भाग जपण्यास मदत होते.

यात क्ष-किरण नसतात. आवाज मोठा येतो, पण डोके हलवू नका. पेसमेकर, क्लिप किंवा शरीरात कोणताही धातू असल्यास आधीच सांगा. रुग्ण डावखुरा असेल, तर तेही सांगा.