कडियाळं मोडल्यावर

भरधाव घोड्याच्या तोंडातलं कडियाळंच मोडलं तर काय होतं? लगाम जॉकीच्या हातात राहतो, पण त्याचा घोड्याशी काही संबंध उरत नाही. ना वळवता येत, ना आवरता येत. जून १९६२ मध्ये पॅरिसच्या ओतॉय रेसकोर्सवर हे घडलं, तेव्हा शर्यत नुकतीच सुरू झाली होती. वीसेक अडथळे बाकी होते आणि मार्ग इंग्रजी आठच्या आकाराचा, वळणावळणांचा. मँडरिन या घोड्यावर होता इंग्रज जॉकी फ्रेड विंटर. त्यात स्वारीचं पोट आदल्या रात्रीपासून बिघडलेलं!

आपल्या महालक्ष्मीला किंवा पुण्याला घोडे सपाट मैदानावर धावतात. ओतॉयला ते मैलोन्मैल कुंपणं आणि चर ओलांडत जातात. विंटरने मँडरिनला नुसत्या मांडीवर वळवलं. एका बाजूचा पाय दाबायचा, अंगाचा भार अलगद सरकवायचा, की घोडा ओळखतो. घोड्याच्या पाठीला माशी बसलेलीही कळते, मग स्वाराचा भार हलल्यावर का नाही कळणार? शेवटी शेवटी मँडरिनच्या पायाची शीर दुखावली, तरी त्याने मुंडीभर अंतराने शर्यत मारली. आणि विंटर? तासाभराच्या आत दुसऱ्या घोड्यावर बसून आणखी एक मोठी शर्यत जिंकून आला.

हाडं मोडायचा हा धंदा. उमेदवारीच्या काळातच विंटरचा मणका मोडला होता. तरी तो चारदा चॅम्पियन जॉकी झाला. १९६४ मध्ये निवृत्त होताना त्याने शर्यतीला इशारा देणाऱ्या स्टार्टरच्या नोकरीसाठी अर्ज केला. जॉकी क्लबने तो फेटाळला. ज्याने कोणी फेटाळला, त्याचे आभारच मानायला हवेत, कारण मग विंटरने लॅमबोर्न गावी घोडे तयार करायला घेतले.

पहिल्याच मोसमात, १९६५ मध्ये, त्याच्या जे ट्रम्प या घोड्याने ग्रँड नॅशनल जिंकली. एन्ट्री रेसकोर्सवरची ही शर्यत तेव्हा जवळजवळ साडेचार मैलांची, तीस उड्यांची होती. पुढच्या वर्षी त्याचाच अँग्लो जिंकला, भाव होता एकास पन्नास. पुढे विंटर आठदा चॅम्पियन ट्रेनर ठरला. ग्रँड नॅशनल, गोल्ड कप आणि चॅम्पियन हर्डल या तिन्ही शर्यती त्याने जॉकी म्हणूनही जिंकल्या आणि ट्रेनर म्हणूनही. हे दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही.

पण त्याच्या तबेल्यातला सर्वांत लक्षात राहणारा घोडा हरलेलाच. १९७३ च्या नॅशनलमध्ये क्रिस्प कितीतरी पुढे निघून गेला होता. त्याच्या पाठीवर प्रतिस्पर्धी घोडा रेड रमपेक्षा साडेदहा किलो जास्त वजन होतं. शेवटच्या सरळ पट्ट्यात त्याचे पाय लटपटू लागले आणि रेड रमने त्याला निशाणाजवळ गाठलं. अंतर, पाऊण घोडा. जे ट्रम्प जिंकला होता तोही एवढ्याच अंतराने.