मिरची, मोहरी आणि पोलिसांची नळकांडी

कढईत मिरच्या जरा करपल्या की खकाणा उठतो. घरभर ठसका लागतो, डोळ्यांतून धारा लागतात. खरं तर अंगाला कुठेच भाजलेलं नसतं, तरी आग आग होते. या आगीचं गूढ १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत उकललं, आणि ते थक्क करणारं आहे.

आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर प्रथिनांची सूक्ष्म दारं असतात. त्यातलं एक साधारण ४३ अंश सेल्सिअसला उघडतं आणि मेंदूला निरोप जातो : भाजतंय! मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं याच दारात जाऊन बसतं आणि ते शरीराच्या नेहमीच्या तापमानालाच उघडतं. आग नसताना आगीची वर्दी जाते. पक्ष्यांच्या शरीरातलं हेच दार कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट लालभडक मिरची मजेत फस्त करतो. दार शोधणाऱ्या ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं.

पोलिसांचा मिरचीचा फवारा याच खोट्या वर्दीवर चालतो. चाकू घेऊन अंगावर येणारा माणूस कितीही निग्रही असो, पापण्या त्याचं ऐकत नाहीत, त्या मिटतातच. बहुतेकांना तासाभरात उतार पडतो.

अश्रुधुराची तऱ्हा आणखी अजब. नळकांड्यातला सीएस मुळात वायू नाहीच. तो घन पदार्थ आहे आणि त्याचे अतिसूक्ष्म कण हवेत पसरतात. १९२८ मध्ये दोन अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी तो शोधला. तो ज्या दारावर थाप मारतो, त्याच दारामुळे फेसलेली मोहरी नाकात झणझणते. आपल्या फोडणीतल्या दोन जिन्नसांची दारं पोलिसांच्या दोन साधनांनी अशी वापरात आणली आहेत.

मग बंदुकीची गरजच काय? इथे वारा आडवा येतो, अक्षरशः. तो फिरला की फवारा पोलिसाच्याच डोळ्यांत जातो. मोकळ्या मैदानात धूर विरतो, बंद खोलीत तोच छातीत दाटतो. दम्याच्या माणसाच्या तो जिवावर बेतू शकतो, आणि नळकांडं डोक्यावर आदळलं तर कवटी फुटू शकते. नशेत किंवा मानसिक झटक्यात असलेला माणूस कधीकधी फवाऱ्यालाही जुमानत नाही. फवाऱ्याच्या द्रावणात अल्कोहोल असेल आणि वर विजेचा झटका देणारं टेझर चाललं, तर ठिणगीने माणूस पेट घेऊ शकतो.

तरीही बंदुकीला पर्याय लागतोच. काश्मीरमध्ये २०१६ साली छऱ्यांच्या बंदुकांनी अनेकांची दृष्टी गेली. तिथल्या एका काडतुसात शेकडो छरे असत. ते पसरले की कुणाच्या डोळ्यांत जातील, हे झाडणाऱ्याच्या हाती उरत नसे. तेव्हा केंद्राने ‘पावा’ची नळकांडी मंजूर केली. पावा म्हणजे मिरचीतही अल्प प्रमाणात सापडणारं, कॅप्सेसिनच्याच कुळातलं रसायन. लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेत त्यावर काम झालं होतं. पर्याय हाती आला, तरी छऱ्यांच्या बंदुका हद्दपार झाल्या नाहीत.

१९९३ चा रासायनिक शस्त्रबंदी करार अश्रुधुराला युद्धाचं हत्यार म्हणून मनाई करतो, मात्र कायदा-सुव्यवस्थेसाठी मुभा देतो. ही मुभा जबाबदारीसह येते. १९९० मध्ये हवानात संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने पोलिसी बळाची जी तत्त्वं मान्य केली, त्यांत दोन्ही गोष्टी आहेत : कमी घातक साधनं विकसित करा, आणि जखमीला लवकरात लवकर उपचार द्या.

या रसायनांनी पोलिसाला मिळतात ते मोजके क्षण. त्या क्षणांत चाकू काढून घ्यायचा, बेड्या घालायच्या, आणि मग लगेच त्या माणसाला पालथं न ठेवता बसतं करायचं, मोकळ्या हवेत न्यायचं, डोळे भरपूर पाण्याने धुवायचे, श्वासाकडे लक्ष ठेवायचं. ही शुश्रूषा म्हणजे पोलिसाने केलेला उपकार नव्हे, तो त्या साधनाचाच अर्धा भाग आहे. म्हणून ज्याला डोळे धुवायला शिकवलेलं नाही, त्याच्या हाती फवारा देऊच नये.