उभ्या गाडीचा पहारा

डॅशकॅमचा पार्किंग मोड म्हणजे इंजिन बंद करून, दारे लावून मालक निघून गेल्यानंतरही कॅमेऱ्याने जागे राहण्याची सोय. गाडी चालू असताना समोरच्या काचेवरचा हा कॅमेरा अल्टरनेटरच्या विजेवर चालतो आणि त्याचा खर्च कुणाला जाणवत नाही. गाडी उभी राहिली की हिशेब बदलतो. अल्टरनेटर थांबलेला असतो आणि कॅमेरा जी वीज घेतो ती थेट त्या बॅटरीतून जाते, जिच्या जिवावर सकाळी सेल्फ मारायचा असतो. म्हणून पार्किंग मोडची जोडणी हे मुळात बॅटरीचे काम आहे. कॅमेऱ्याच्या रिझोल्यूशनवर आठवडाभर खल करणारे गिऱ्हाईक आपल्या गाडीची बॅटरी किती अँपिअर-तासांची आहे हे क्वचितच विचारते.

बहुतेक डॅशकॅमसोबत सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारा चार्जर येतो. सिगारेट कुणी पेटवत नाही, पण नाव टिकून आहे. ही १२ व्होल्टची खाच पुष्कळ गाड्यांत चावी बंद होताच मरते आणि तिच्याबरोबर कॅमेराही. कॅमेऱ्याच्या पोटात छोटी लिथियम बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर असतो, पण त्याचे काम चालू असलेली फाइल नीट बंद करण्यापुरतेच. रात्रभर पहारा देण्याचा दम त्यात नसतो. काही गाड्यांत ही खाच कायम जिवंत असते. तिथे चार्जर तसाच लावून ठेवला तर कॅमेरा चालत राहतो खरा, पण त्याला थांबवणारे कोणीच नसते. चार दिवस गावाला जाऊन आलेला मालक मग शेजाऱ्याची गाडी आणि जंप केबल शोधत फिरतो.

पार्किंग मोड हे एकच नाव असले तरी त्यामागे तीन-चार वेगळ्या पद्धती असतात आणि प्रत्येकीची भूक वेगळी. टाइम-लॅप्स पद्धतीत कॅमेरा सेकंदाला एखादीच चौकट टिपतो. रात्रभराचे चित्रण थोड्या जागेत मावते, पण धडकेचा नेमका क्षण दोन चौकटींच्या मध्ये निसटू शकतो. हालचाल टिपणाऱ्या पद्धतीत चित्रात काही हलले की रेकॉर्डिंग सुरू होते. रस्त्याकडेला हे फार सोसत नाही, कारण झाडाची फांदी, समोरून गेलेल्या रिक्षाचा दिवा, पावसाची सर, सगळ्यांची नोंद होते. बफरची पद्धत सर्वांत उपयोगी आणि सर्वांत खर्चिक. कॅमेरा पूर्ण जागा राहतो, शेवटचे काही सेकंद स्मृतीत फिरवत ठेवतो आणि धक्का बसला की धडकेच्या आधीचे क्षणही फाइलमध्ये जोडतो. धडक देऊन पळणाऱ्या गाडीची नंबर प्लेट बहुधा याच आधीच्या क्षणांत दिसते. याउलट अतिअल्प विजेच्या पद्धतीत कॅमेरा झोपलेला असतो. फक्त धक्का ओळखणारा जी-सेन्सर जागा. धक्का बसल्यावर कॅमेरा डोळे उघडेपर्यंत एखाद-दुसरा सेकंद जातो, आणि तेवढ्यात पुष्कळ काही होऊन गेलेले असते. काही नव्या कॅमेऱ्यांत रडार असते. माणूस किंवा वाहन जवळ आले की ते कॅमेऱ्याला आधीच उठवते, त्यामुळे या दोन टोकांमधला मार्ग निघतो.

आता विजेचा हिशेब. पूर्ण जागा असलेला एक कॅमेरा ५ व्होल्टवर साधारण १ अँपिअर घेतो, म्हणजे ५ वॉट. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना थोडी वीज उष्णतेत जाते, ती धरून बॅटरीवरचा भार सुमारे ०.४५ अँपिअर होतो. मागचा कॅमेरा जोडला की आणखी वाढतो. एका रात्रीचे १२ तास धरले तर ५.४ अँपिअर-तास खर्च झाले. हा आकडा छोटा वाटतो, पण तो सेल्फच्या शेजारी ठेवून पाहावा. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ दीडशे अँपिअर ओढतो आणि दोन सेकंदांत इंजिन उठते असे धरले, तर एका वेळचा खर्च ०.०८ अँपिअर-तास. म्हणजे कॅमेऱ्याने एका रात्रीत जेवढी वीज खाल्ली, तेवढीत साठाहून अधिक वेळा सेल्फ मारता आला असता. सेल्फला लागणारी वीज थोडी असते, पण ती एकदम लागते, आणि अर्धी रिकामी, जुनी बॅटरी नेमकी तीच एकदम देऊ शकत नाही. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, सेल्फ मात्र टक्-टक् करून गप्प बसतो.

छोट्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये ३५ अँपिअर-तासांची बॅटरी नेहमी दिसते. डिझेल गाडीत ती बरीच मोठी असते. ३५ पैकी निम्मी वीज वापरायची ठरवली तर कागदावर एक कॅमेरा ३८ तास चालेल. प्रत्यक्षात तीन वर्षे जुनी बॅटरी ३५ची राहिलेली नसते. गाडीचे सेंट्रल लॉक, अलार्म, संगणक हेही झोपेत ३०-४० मिलिअँपिअर खात असतात. आणि घर ते ऑफिस असा २० मिनिटांचा रोजचा प्रवास असेल, तर रात्री गेलेले ५.४ अँपिअर-तास त्यात पूर्ण भरून निघत नाहीत, कारण शिसे-आम्लाची बॅटरी जसजशी भरत जाते तसतशी वीज घेण्याचा वेग कमी करते. रोज थोडी तूट राहते आणि ती साचत जाते. सेल्फची बॅटरी पातळ पट्ट्यांची असते. वारंवार खोलवर उतरणे तिला मानवत नाही. पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि चार वर्षांची बॅटरी दोन वर्षांत काढावी लागते. पार्किंग मोडचा हा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीत कधी धरला जात नाही.

या तुटीला बांध घालते ते हार्डवायर किट. ही काडेपेटीएवढी डबी १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करते, बॅटरीच्या दाबावर नजर ठेवते आणि तो ठरलेल्या रेषेखाली गेला की कॅमेऱ्याची वीज तोडते. तिला तीन वायरी असतात. एक कायम जिवंत असलेल्या फ्यूजला, दुसरी चावी फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या फ्यूजला आणि तिसरी अर्थला जाते. बहुधा पिवळी, लाल आणि काळी असा रंगक्रम असतो, पण रंगावर विश्वास न ठेवता सोबतचा कागद पाहावा. कॅमेरा पोसते पहिली वायर. दुसरी फक्त निरोप देते: तिच्यातली वीज गेली की गाडी उभी आहे असे समजून कॅमेरा पार्किंग मोडमध्ये जातो. हा निरोप पोहोचवण्याची प्रत्येक कंपनीची रीत निराळी असल्यामुळे दुसऱ्याच कंपनीचे स्वस्त किट जोडल्यास कॅमेरा चालतो, पण मोड बदलत नाही. किट कॅमेऱ्याच्याच कंपनीचे घेतलेले बरे.

वीज तोडण्याची रेषा कुठे ठेवायची, हा या सगळ्या जोडणीतला खरा निर्णय. किटवर सहसा ११.८, १२.०, १२.२, १२.४ असे पर्याय असतात. स्वस्थ असलेली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ला ती सुमारे पाऊण भरलेली असते, १२.२ला निम्मी, १२.०ला पाव, आणि ११.८ला जवळपास रिकामी. दशांशाच्या एका घराचा फरक किरकोळ वाटतो, पण १२.२ आणि १२.०मध्ये पाव बॅटरी असते. नव्या बॅटरीसाठी १२.२ आणि दोन-तीन वर्षे जुन्यासाठी १२.४ ही रेषा शहाणपणाची, ११.८ची निवड सकाळी गाडीला धक्का मारायची तयारी असलेल्यांसाठी, आणि ऑटोमॅटिक गाडी तर धक्क्यानेही सुरू होत नाही. काही किटमध्ये ६, १२, २४ तासांचा टायमरही असतो. व्होल्टची रेषा आणि टायमर दोन्ही वापरले तर एकमेकांना सांभाळून घेतात.

जोडणीचे काम फ्यूज बॉक्सपाशी सुरू होते. तो बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ, डॅशबोर्डखाली असतो. कायम जिवंत फ्यूज सहसा हॅझार्ड लाइट, दारांचे लॉक, आतला दिवा यांचे; चावीबरोबर जिवंत होणारे म्युझिक सिस्टीम किंवा १२ व्होल्ट सॉकेटचे. एअरबॅग, एबीएस आणि इंजिनच्या संगणकाच्या फ्यूजला हात लावू नये. कोणता फ्यूज कोणत्या जातीचा हे मल्टिमीटरनेच ठरवावे. एक टोक अर्थला आणि दुसरे फ्यूजच्या पाठीवरच्या उघड्या धातूला लावून चावी बंद असताना आणि चालू असताना वाचन घ्यावे. गाडी लॉक करून अर्धा तास थांबून पुन्हा पाहिले तर आणखी चांगले, कारण आजच्या गाड्यांत काही फ्यूज चावी काढल्यावरही काही वेळ जागे राहून नंतर झोपतात. त्यांना कायमचे समजून जोडले, तर कॅमेरा रोज अर्ध्या तासाने बंद पडतो आणि दोष कॅमेऱ्याला लागतो.

फ्यूजमधून वीज काढण्यासाठी फ्यूज टॅप वापरतात. हा एकाच खाचेत दोन फ्यूज दुमजली बसवणारा छोटा जोड असतो. एका मजल्यावर गाडीचा मूळ फ्यूज त्याच रेटिंगचा, दुसऱ्यावर कॅमेऱ्याचा २ किंवा ३ अँपिअरचा. फ्यूजचे आकार वेगवेगळे असतात. मिनी, लो-प्रोफाइल मिनी, मायक्रो-२ यांतला कोणता, हे जुना फ्यूज उपसून दुकानात नेऊन ताडून घ्यावे. टॅप उलटा बसला तरी कॅमेरा चालू होतो आणि चूक लपते. तपासणी सोपी आहे: टॅपमधला मूळ फ्यूज काढून पाहायचा. कॅमेऱ्याला तरीही वीज मिळत असेल तर दिशा बरोबर. कॅमेरा मेला तर त्याचा भारही मूळ फ्यूजमधून जातो आहे. टॅप काढून उलटा बसवावा. रस्त्यावरचे काही वायरमन टॅपऐवजी चालू वायर सोलून पीळ देतात आणि वर टेप गुंडाळतात. उन्हाने टेपचा चिकटा सुटतो, आणि वायर कापलेली दिसली की सर्व्हिस सेंटरला वॉरंटी नाकारण्याचे कारण मिळते.

अर्थसाठी गाडीच्या पत्र्यात थेट घुसलेला बोल्ट लागतो. रंग दिलेला किंवा प्लॅस्टिकमध्ये बसवलेला बोल्ट चालत नाही. अर्थ सैल असली की किटला बॅटरीचा दाब आहे त्यापेक्षा कमी दिसतो आणि ते वेळेआधीच वीज तोडते. स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर वीज मोजणारा सेन्सर असतो. अर्थ थेट त्या टोकाला बांधली तर कॅमेऱ्याचा खर्च सेन्सरच्या नजरेतून सुटतो. म्हणून अर्थ चॅसिसलाच.

वायर वर नेताना समोरच्या खांबाच्या आवरणात पडदा एअरबॅग आहे का, हे पाहिल्याशिवाय आवरण उचकटू नये. वायर एअरबॅगच्या मागून, मूळ वायरिंगच्या सोबतीने जावी आणि ठिकठिकाणी बांधलेली असावी. ती एअरबॅगच्या पुढून आडवी गेली तर अपघातात एअरबॅग उघडण्याच्या वाटेत येते.

फ्यूज बॉक्सच्या भानगडीत पडायचे नसेल तर गाडीच्या तपासणीसाठी असलेल्या ओबीडी सॉकेटमधून वीज घेणारी केबल मिळते. या सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनवर बॅटरीची वीज कायम असते. काम पाच मिनिटांचे, पण सर्व्हिसच्या वेळी केबल काढून ठेवावी लागते. बॅटरीवर मुळीच भार नको असेल तर कॅमेऱ्यासाठी वेगळा लिथियम आयर्न फॉस्फेटचा पॅक सीटखाली बसवतात. गाडी चालताना तो भरतो, उभी असताना कॅमेरा त्यावर चालतो. १२.८ व्होल्ट, ६ अँपिअर-तासांच्या पॅकमध्ये ७७ वॉट-तास मावतात, म्हणजे ५ वॉटचा कॅमेरा १५ तास. किंमत मात्र अनेकदा कॅमेऱ्याच्या वर जाते. मोबाइलची पॉवर बँक हा पर्याय नव्हे. उन्हात तापलेल्या बंद गाडीत ती ठेवणे धोक्याचे आहे. इलेक्ट्रिक गाडीच्या मालकांनीही निर्धास्त राहू नये. खालची बॅटरी कितीही मोठी असली, तरी दारे, दिवे, संगणक आणि फ्यूज बॉक्समधून जोडलेला कॅमेरा छोट्या १२ व्होल्ट बॅटरीवरच चालतात. ती बसली तर मोठी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

विजेचा प्रश्न सुटला की उरते ते सेटिंग. जी-सेन्सरची संवेदनशीलता पार्किंगसाठी वेगळी ठेवता येत असेल तर आधी मध्यम ठेवून दाराला हाताने थाप मारून पाहावे. बोनेटवर उडी मारणाऱ्या मांजरानेही फाइल तयार होत असेल तर संवेदनशीलता उतरवावी, कारण धक्क्याच्या फाइली कुलूपबंद होतात, त्यांचा कप्पा भरतो आणि खरी घटना घडते तेव्हा जागा नसते. कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ जातीचे हवे. साधे कार्ड सतत पुसून लिहिण्याने काही महिन्यांत दगा देते, आणि तेही न सांगता. कॅमेऱ्याचा टाइम झोन +५:३० करायला विसरले तर जीपीएस असलेला कॅमेरा जागतिक वेळ छापतो आणि रात्री साडेदहाची धडक संध्याकाळी पाचची दिसते.

उष्णतेचा प्रश्न विदर्भात वेगळाच उग्र असतो. चंद्रपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना काचेमागचा कॅमेरा ज्या तापमानात बसलेला असतो, ते अनेक उत्पादकांनी दिलेल्या मर्यादेच्या वर जाते. तिथे लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटरचा कॅमेरा घ्यावा आणि दुपारच्या उन्हात पार्किंग मोड बंद ठेवावा.

चित्रण मिळाले तरी ते पुढे चालावे लागते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत न्यायालयात देताना प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा एक भाग पक्षकाराने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि फाइलचे हॅश मूल्यही त्यात नोंदवायचे असते. जुन्या कायद्यातल्या ६५-ब कलमाखालीही असे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितले होते. तो वाद जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून उभा राहिला होता आणि त्यात पुरावा होता व्हिडिओ चित्रणाचाच. मूळ कार्ड स्वतः हजर केले तर गोष्ट सोपी होते. म्हणून धडकेनंतर व्हॉट्सॲपवर क्लिप पाठवण्याआधी कॅमेऱ्यातून कार्ड काढावे, नवे घालावे आणि जुने तसेच पाकिटात बंद करून ठेवावे.