शून्य म्हणजे पडदा नव्हे

चित्रसंपादनाचं सॉफ्टवेअर गिंप ३.० अखेर १६ मार्च २०२५ ला आलं. २.१० आलं होतं एप्रिल २०१८ मध्ये, म्हणजे मधे जवळपास सात वर्षं गेली. फिल्टर लावल्यावरही मूळ चित्र शाबूत राहतं, या सोयीचं सगळीकडे कौतुक झालं आणि ते रास्तच आहे. पण खरी बातमी आत दडलेली आहे. गिंप आता जीटीके ३ या टूलकिटवर, म्हणजे खिडक्या, बटणं, मेनू काढणाऱ्या तयार कोडवर चालतं, आणि जीटीके ३ आलं होतं २०११ साली. जीटीके ४ सुद्धा डिसेंबर २०२० पासून तयार आहे. तिथवर पोहोचणं अजून बाकीच.

आणखी एक गंमत. जीटीके जन्मलं तेच गिंपसाठी. बर्कलीचे विद्यार्थी स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी १९९५ मध्ये गिंप लिहायला घेतलं, तेव्हा बटणं आणि मेनूंसाठी मोटिफ हे विकतचं टूलकिट वापरलं होतं. ते नको म्हणून मॅटिसने स्वतःचं लिहिलं. पुढे लिनक्सवरचा अख्खा ग्नोम डेस्कटॉप त्यावर उभा राहिला. लेक परदेशी जाऊन मोठी झाली आणि माहेरच्यांना तिच्या घरचे रीतिरिवाज शिकायला चौदा वर्षं लागली, असा हा प्रकार.

उशीर का झाला? माणसं कमी, हे उघड कारण. पण कामाचं स्वरूपही किचकट. जीटीके २ मध्ये पडद्यावर थेट रेघ ओढणारी फंक्शन्स होती. तिसऱ्या आवृत्तीत ती काढून टाकली आणि सगळं रेखाटन कैरो या लायब्ररीकडे सोपवलं. चित्र पुन्हा कधी रंगवायचं, हे सांगणारी पद्धतही बदलली. जिथे जिथे काही काढलं जातं, तिथे तिथे हात घालणं आलं.

त्रिमितीवाल्यांची पंचाईत याहून मोठी. ओपनजीएल ही त्रिमिती चित्रं काढायची भाषा १९९२ सालची, सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीची. ‘जीएलबिगिन’ म्हणा, एकेक बिंदू द्या, ‘जीएलएंड’ म्हणा, की त्रिकोण तयार. कितीतरी प्रयोगशाळांतले आणि कारखान्यांतले प्रोग्राम याच पद्धतीने लिहिलेले आहेत. २००८ च्या ओपनजीएल ३.० ने ही पद्धत कालबाह्य ठरवली आणि २००९ च्या ३.१ ने मुख्य भागातून वगळली. ड्रायव्हरवाल्यांनी ‘कंपॅटिबिलिटी प्रोफाइल’ नावाने ती बहुतेक ठिकाणी जिवंत ठेवली, म्हणून गाडी चालू राहिली. अॅपलने मात्र तीही सोय दिली नाही. मॅकवर एक तर जुनं २.१ घ्या, नाहीतर निव्वळ नवं. दोन्हींची मिसळ नाही. पुढे २०१८ मध्ये त्यांनी ओपनजीएललाच कालबाह्य ठरवलं.

आता सगळ्यांत चिवट अडचण, आणि ती एका आकड्याची आहे. ओपनजीएलमध्ये फ्रेमबफर (चित्र जिथे साठतं ती जागा) क्रमांक शून्य म्हणजे पडदा, हे जुन्या कोडचं गृहीतक. आधी बाजूला कुठेतरी सावली रंगवायची, मग ‘शून्याला जोड’ म्हणून पडद्यावर परतायचं. क्यूटी या दुसऱ्या टूलकिटचं जुनं ‘क्यूजीएलविजेट’ प्रोग्रामला स्वतःची खिडकी द्यायचं, त्यामुळे हे खरंही होतं. २०१४ च्या क्यूटी ५.४ मध्ये ‘क्यूओपनजीएलविजेट’ आलं आणि क्यूटी ६ मध्ये जुनं गेलं. नवं विजेट तुमचं चित्र आधी आडबाजूच्या बफरमध्ये घेतं आणि मग स्वतःच्या हाताने खिडकीवर मांडतं. जीटीकेचं ‘जीएलएरिया’ही तेच करतं. म्हणजे परतायची जागा आता शून्य नाही, विजेट सांगेल तो क्रमांक. नावं बदलून कोड निमूट कंपाइल होतो, एकही चूक दाखवत नाही, आणि समोर काळा चौकोन येतो. उपाय एका ओळीचा आहे: शून्य लिहू नका, विजेटला विचारा. ती ओळ कुठे हवी, हे शोधण्यात मात्र दिवस जातात.

टूलकिटवाल्यांची बाजू खोटी नाही. दाट पिक्सेलांचे पडदे, पारदर्शक थर, वेलँडसारखी नवी खिडकी-व्यवस्था हे सगळं सांभाळायचं, तर संपूर्ण खिडकी एकाच्याच ताब्यात हवी. शिवाय तेही मूठभरच लोक आहेत. माझा आक्षेप बदलावर नाही, बिल कोणाच्या नावावर फाडलं जातं यावर आहे. खालच्या थरात सफाई झाली की वरचे हजार प्रोग्राम आपापल्या खर्चाने दुरुस्त होतात, किंवा होत नाहीत. गिंपच्या नव्या आवृत्तीनेही आपल्या जुन्या प्लगइन लिहिणाऱ्यांवर हीच वेळ आणली आहे.

याउलट, जुन्या आज्ञा नव्या व्यवस्थेला समजावणारा दुभाषा एकदाच खाली बसवला की वरच्यांना हात लावावा लागत नाही. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली टर्बो सीची ‘ग्राफिक्स.एच’ प्रात्यक्षिकं ६४ बिटी विंडोजवर चालली ती जुन्या डॉसचं सोंग घेणाऱ्या डॉसबॉक्समुळे. कोणी ती नव्याने लिहिली नाहीत. आज झिंक हेच काम मोठ्या प्रमाणावर करतं. ओपनजीएलच्या आज्ञा घ्यायच्या आणि व्हल्कन या नव्या ग्राफिक्स-भाषेत ग्राफिक्स कार्डाला सांगायच्या. कोलॅबोरा कंपनीतल्या एरिक फाये-लुंड यांनी २०१८ मध्ये ते लोकांपुढे आणलं आणि माइक ब्लुमेनक्रांट्झ यांनी नेटाने पुढे नेलं. गूगलचं अँगलही याच जातीचं. शून्याचा घोळ याने सुटत नाही, कारण तो टूलकिटचा आहे. पण ग्राफिक्सची जुनी भाषा मरत नाही.

पुढची फेरी दारात उभी आहे. मार्च २०२५ मध्येच आलेल्या जीटीके ४.१८ ने एक्स११ या जुन्या खिडकी-व्यवस्थेचा आधार कालबाह्य ठरवला आहे. पाचव्या आवृत्तीत तो जाणार. जाऊ दे. पण काहीही काढून टाकताना त्याच्या जागी बसणारा दुभाषा त्याच दिवशी देणं, हा टूलकिटवाल्यांनी पाळायचा नियम असायला हवा. आणि ज्यांच्याकडे जुना कोड आहे, त्यांनी चित्र काढणारा भाग आणि खिडकी उघडणारा भाग आजच वेगळे करावेत. टूलकिट पुन्हा बदलणारच आहे. तेव्हा फक्त दुसऱ्या भागाला हात लागेल.