पाटावरची माती

धाराशिवहून श्रावणात कोकणात उतरायचं तर वाटेत पाऊस तीनदा बदलतो. तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला इथवर आभाळ नुसतं भरून आलेलं असतं. सोयाबीन, उडीद हिरवेगार दिसतात, पण शेतकरी अजून एका चांगल्या पावसाच्या आशेवर असतो. मिरजेपासून भुरभुर लागते आणि उसाचे फड सुरू होतात. निपाणीवरून आजऱ्याकडे वळलं की वायपर बंद करायची सोय नाही. आंबोलीच्या घाटात तर समोरच्या गाडीचे दिवे तेवढे दिसतात. आमच्याकडे वर्षाला सहा-सातशे मिलिमीटर पडला तरी साल बरं गेलं म्हणतात. आंबोलीची सरासरी सात हजारांच्या घरात आहे. बहुतेक गाड्या धबधब्यापाशी थांबल्या. मला खाली कुडाळच्या बाजूला जायचं होतं, कारण या दिवसांत सिंधुदुर्गात गावोगाव गणपतीच्या शाळा, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या जागा, भरलेल्या असतात.

कोकणची कला बघायला लोक दिवाळीनंतर जातात. दशावताराचे प्रयोग तेव्हा सुरू होतात, जत्रा लागतात, रस्ते कोरडे असतात. ते बरोबरच आहे. पण हात कामात असलेले बघायचे असतील तर पावसातच जावं. आषाढात भाताची लावणी उरकते, कापणीला अवकाश असतो, आणि मधल्या दिवसांत अर्धं गाव कुठल्यातरी पडवीत मातीत हात घालून बसलेलं सापडतं.

मी गेलो ती शाळा म्हणजे एका कौलारू घराची लांब पडवी. पुढच्या बाजूला पाऊस आत येऊ नये म्हणून प्लास्टिकचा कागद सोडलेला. भिंतीला टेकून लाकडी पाट रचलेले, प्रत्येकाच्या खालच्या बाजूला खडूने घराचं नाव. इथली रीत अशी की मूर्ती दुकानातून उचलून आणायची नाही. आपला पाट शाळेत नेऊन द्यायचा आणि चतुर्थीला, किंवा आदल्या दिवशी, त्याच पाटावरून गणपती घरी आणायचा. काही पाट इतके जुने की कडा गुळगुळीत झालेल्या. कुणाकडे किती उंचीची, कोणत्या बैठकीची मूर्ती लागते ते मूर्तिकाराला तोंडपाठ असतं, कारण त्याच्या वडिलांनीही त्याच घरांच्या मूर्ती केलेल्या असतात.

"खयसून इलात?" शाळेच्या मूर्तिकार काकांनी मान वर न करता विचारलं. धाराशिव म्हटल्यावर थांबले. "तुळजापूर थयच ना?" मग बसायला पोतं सरकवलं.

शाडू माती इथली नव्हे, ती गुजरातेतून पोत्यांतून येते. काही मूर्तिकार अजून मळ्यातली किंवा तळीकाठची चिकणमाती वापरतात. काकांकडे दोन्ही होत्या. रात्रभर भिजवलेली माती फळीवर घेऊन ते तळहाताने मळत होते, मध्येच चिमटीत घेऊन चोळत होते. कण लागला की काढून टाकायचा. मग पिंजलेला कापूस थोडा थोडा सोडत पुन्हा मळायची. कापसाचे धागे माती धरून ठेवतात, वाळताना ती फाटत नाही. हे मळणं बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल, पण पुढचं सगळं त्यावरच उभं असतं.

साचा दोन भागांचा होता, पुढचा आणि पाठीचा. आतून माती बोटांनी दाबत नेतात, जाडी सगळीकडे सारखी राहील अशी. आतली बाजू पोकळ. दोन्ही भाग जुळवायच्या आधी कडांना पातळ कालवलेली माती लावतात, मग दाबतात आणि बाहेर आलेली माती कोरणीने काढतात. सोंड आणि हात वेगळे जोडायचे. इथे साचा संपतो आणि माणूस सुरू होतो. काकांनी सोंडेची वळी तळहातात वळली, एका टोकाला निमुळती केली, चेहऱ्याला टेकवून धरली आणि जराशी डावीकडे फिरवली. ओल्या बोटाने सांधा पुसला. दुसऱ्यांदा पुसला तेव्हा सांधा कुठे होता ते मला सांगता आलं नसतं. मग कान. दोन्ही कान एका मापाचे करून त्यांनी एक किंचित पुढे झुकवला. एवढ्याने मूर्ती ऐकते आहे असं वाटायला लागलं.

खरी परीक्षा वाळवण्याची. बाहेर हवा इतकी दमट की कपडे चार दिवस वाळत नाहीत. मूर्ती मात्र चतुर्थीच्या आत आतपर्यंत सुकली पाहिजे, नाहीतर वरून दिलेला रंग सुटतो. घाईने शेगडीजवळ ठेवली तर वरचा थर आधी आकसतो आणि मानेपाशी किंवा पोटावर चीर पडते. काका मूर्ती आधी नुसत्या पंख्याच्या वाऱ्यावर ठेवतात, मग माळ्यावर बल्बच्या उबेला, आणि रोज पाट फिरवून दुसरी बाजू पुढे करतात. "माती घाई सोसणा नाय," एवढंच बोलले. एका मूर्तीच्या गुडघ्याला केसासारखी चीर दिसली. ब्रशने पाणी लावून, मातीचा काला भरून त्यांनी ती बुजवली आणि ती मूर्ती परत पंख्याखाली गेली.

रंगाचं काम घरातले तरुण करत होते. आधी पांढरा हात, मग अंगाचा रंग, सोवळं, शेला, दागिने. डोळ्यांची आखणी शेवटी, आणि ती काकाच करणार. त्या वेळी पडवीतला रेडिओ बंद होतो.

याच मुक्कामात पिंगुळीला गेलो. सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने वाढलेली ठाकर समाजाची चित्रकथी तिथे बघायला मिळते. रामायण-महाभारताच्या प्रसंगांची चित्रं एकेक करून पुढे येतात आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने कथा गायली जाते. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात या कलेचं संग्रहालय उभं केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सावंतवाडीच्या राजवाड्यात दशावतारी गंजिफा हा पत्त्यांचा खेळही पाहिला. दहा अवतारांची बारा-बारा गोल पानं, एकूण १२०. दिवसा डाव असेल तर सुरुवात रामाने आणि रात्री कृष्णाने. हा गंजिफा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध चिताऱ्याकडून शिकून घेतला म्हणून टिकला. दोन्ही ठिकाणं बघण्याजोगी आहेत. तरी मन त्या पडवीतच राहिलं, त्याला कारण आमचं तेर.

तेर आमच्याच जिल्ह्यातलं. प्राचीन नाव तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी ग्रंथात तगरचं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात असल्याची नोंद आहे. तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातल्या मातीच्या मूर्ती आहेत, पांढऱ्या केओलिन मातीच्या, दोन भागांच्या साच्यात घडवलेल्या. काकांच्या हातातला साचा बघताना त्या मूर्तींची कपाटं डोळ्यांपुढे आली. पद्धत तीच, पुढचा भाग, पाठीचा भाग, मध्ये सांधा. आणि मडकी घडवत विठ्ठलाचं नाव घेणारे गोरोबाकाकाही याच तेरचे. मातीची इतकी मोठी परंपरा ज्या जिल्ह्याला आहे, तिथल्या बाजारात चतुर्थीला मूर्ती येतात त्या बहुतेक बाहेरून, प्लास्टरच्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली होती, तरी गाडे तसेच भरलेले दिसतात. मला याचं वाईट वाटतं.

मी काकांना आमच्या काळ्या मातीबद्दल विचारलं. त्यांनी उलट विचारलं, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात का? पडतात, हात जाईल एवढ्या. मग नुसत्या रानातल्या मातीची मूर्ती टिकणार नाही, ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, असं ते म्हणाले. तळ्यातला गाळ घ्या, त्यात बारीक चाळलेली रेती घाला, कापूस घाला, आणि कुंभाराला विचारा, त्याला हे ठाऊक असतं.

ठाऊक आहेच. पोळा श्रावणाच्या अमावस्येला येतो, चतुर्थीच्या चारच दिवस आधी. आमच्याकडचे कुंभार त्यासाठी मातीचे बैल करतातच. त्यांच्या चाकाशेजारी ओली माती, गाळ, वाळवणीची जागा, सगळं त्या दिवसांत तयार असतं. नसतं ते आधी सांगून ठेवलेलं गिऱ्हाईक. चतुर्थीच्या आदल्या दिवशी गाड्यावर घासाघीस करणाऱ्याला कुणी मातीची मूर्ती घडवून देऊ शकत नाही. तिला महिना-दीड महिना लागतो.

तेव्हा धाराशिव, तेर, कळंब, परंड्याच्या वाचकांना एवढंच सांगणं आहे. पुढच्या आषाढी एकादशीला घरातला एक पाट धुऊन आपल्या ओळखीच्या कुंभाराकडे नेऊन द्या, उंची सांगा आणि निम्मे पैसे तिथेच द्या. पहिल्या वर्षी मूर्तीचे नाकडोळे रेखीव येणार नाहीत. दुसऱ्या वर्षीही त्याच्याकडेच जा.